गुपित कोणाचं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी इतिहास शिकवतात, तेव्हा नाइटिंगेलबाईंच्या मागोमाग काही परदेशी नावं भराभर येतात आणि जातात. लिलियन वाल्ड, इझाबेल हॅम्प्टन, ॲडलेड नटिंग, लॅव्हिनिया डॉक. परीक्षेत ‘टीप लिहा’ म्हणून आली तर चार ओळी पुरतात. डॉकबाईंच्या चार ओळी आम्हीही पाठ केल्या होत्या : परिचारिकांसाठी औषधांचं पुस्तक लिहिलं, नर्सिंगच्या इतिहासाचे खंड लिहिले, आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेचं सचिवपद वीस वर्षांहून अधिक सांभाळलं. पुढे मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात आयुष्याचा बराच काळ गेला, इनचार्ज झाले, मुलींना शिकवायला लागले. तेव्हा कुठे मला कळलं, की या बाईंनी १९१० साली आणखी एक पुस्तक लिहिलं होतं. ‘हायजीन अँड मोरॅलिटी’. गुप्तरोग, वेश्याव्यवसाय आणि मुलींचा व्यापार यांबद्दल परिचारिकांनी काय जाणून घेतलं पाहिजे, हे सांगणारं. आमच्या चार ओळींत त्याचं नाव नव्हतं. ज्या पुस्तकाची आम्हाला रोजच्या ड्यूटीवर गरज होती, तेच गाळलेलं होतं.

त्या काळाचा विचार केला म्हणजे या पुस्तकाचं धाडस कळतं. उपदंशाचा जंतू १९०५ साली सापडला. १९०६ साली रक्ततपासणी आली. १९१० साली, म्हणजे हे पुस्तक आलं त्याच वर्षी, साल्व्हरसान हे पहिलं परिणामकारक औषध बाजारात आलं. विज्ञान इतकं पुढे गेलं होतं. पण आजाराचं नाव चारचौघांत उच्चारायची सोय नव्हती. चांगल्या घरच्या स्त्रीने तो शब्द ऐकायचा नाही, आणि चांगल्या परिचारिकेने तो बोलायचा नाही. डॉकबाईंनी तो सरळ छापला, आणि सोबत हेही छापलं की हा आजार बायकोपर्यंत पोचतो तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या पायांनी.

त्यांचा सगळा संताप एका गोष्टीवर होता. नवऱ्याला बाहेरून आजार लागलाय हे डॉक्टरांना माहीत असायचं. बायकोला वारंवार दुखणं, गर्भपात, ऑपरेशन. तिला कारण सांगायचं नाही, कारण ते नवऱ्याचं ‘वैद्यकीय गुपित’. परिचारिकेलाही सगळं दिसत असायचं, आणि तिने ओठ मिटून ट्रे उचलायचा. ती ज्या बाईची शुश्रूषा करत होती, तिचं गुपित तिने राखलं असतं तर तो धर्मच होता. पण इथे ती राखत होती ते त्या बाईला आजारी पाडणाऱ्याचं गुपित.

हा मुद्दा कळायला मला पुस्तक लागलं नाही. प्रसूतिगृहात काम केलेल्या कोणालाही तो कळतो. नाळ कापली, बाळ पुसलं, की डोळ्यांत थेंब घालायची पद्धत होती. जर्मनीतले क्रेडे नावाचे प्रसूतितज्ज्ञ १८८० च्या सुमारास सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला लागले आणि परम्याने जन्मतः येणारं आंधळेपण झपाट्याने कमी झालं. आमच्या वेळेला थेंबांची जागा ॲन्टिबायोटिक मलमांनी घेतली होती. पण जिथे प्रसूती घरीच झाली आणि दवाखाना लांब, तिथून अजूनही एखादं बाळ यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं. पापण्या टच्च सुजलेल्या, चिकटलेल्या. सलाईनमध्ये बुडवलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसायला लागावं तर पिवळा दाट पू बाहेर यायचा. आई बाजूला उभी राहून म्हणायची, “सिस्टर, धूळ गेली असेल का हो?” धूळ नव्हती. बाळाने या जगात येताना, आईच्या अंगातून, बापाचा इतिहास डोळ्यांत घेतलेला असायचा. आणि त्या इतिहासाच्या आधी कुठेतरी एक खोली असायची, त्या खोलीत एक मुलगी, आणि त्या मुलीला तिथे आणून बसवणारा कोणीतरी. परिचारिका त्या साखळीच्या शेवटच्या कडीला कापूस लावत असते. डॉकबाई म्हणत होत्या, साखळी पूर्ण बघा.

हे त्यांनी आरामखुर्चीत बसून लिहिलेलं नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या सुखवस्तू घरातली ही मुलगी, जन्म १८५८ चा. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातून १८८६ साली प्रशिक्षण संपवून बाहेर पडल्या. फ्लोरिडात पीतज्वराची साथ आली तिथे गेल्या, १८८९ साली जॉन्सटाउनला धरण फुटून गाव वाहून गेलं तिथे गेल्या. जॉन्स हॉपकिन्समध्ये मोठ्या हुद्द्यावर काम केलं. आणि मग ते सगळं सोडून १८९६ साली न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीटवर राहायला आल्या. लिलियन वाल्ड यांनी परिचारिकांची जी वस्ती तिथे उभी केली होती, तिच्यात त्या पुढची जवळजवळ वीस वर्षं राहिल्या.

हेन्री स्ट्रीट म्हणजे शहराच्या पूर्व बाजूचा गरिबांचा भाग. युरोपातून बोटीने आलेली कुटुंबं, एकेका खोलीत आठ-दहा माणसं, अंधारे जिने. परिचारिका बॅग घेऊन ते जिने चढायच्या. मला या कामाचा सगळ्यात मोठा अर्थ इथे दिसतो. पोलीस आला की दार बंद होतं, पाद्री आला की माणसं सावरून बसतात. परिचारिका आली की तिला आतल्या खोलीत नेतात, पांघरूण बाजूला करून दाखवतात. न्यूयॉर्कच्या त्या खोल्यांमधून कोणती मुलगी कामाच्या आमिषाने कुठे गेली आणि परत आली नाही, हे कोणत्याही सरकारी अहवालाच्या आधी त्या जिन्यांवर कळत असणार.

त्या काळी या व्यापाराला ‘गोरी गुलामगिरी’ म्हणत. १९०४ साली पॅरिसमध्ये देशादेशांचा करार झाला, १९१० साली अमेरिकेत मान कायदा आला. नावातच खोट होती. काळ्या, पिवळ्या, सावळ्या मुली त्यात मोजल्याच जात नव्हत्या. पुढे राष्ट्रसंघाने १९२१ साली ‘स्त्रिया आणि मुलांचा व्यापार’ असं म्हणायला सुरुवात केली. आणि मान कायदा मुलींच्या व्यापाऱ्यांइतकाच भलत्यांवरही चालला. जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा गोऱ्या स्त्रीबरोबर प्रवास केला म्हणून १९१३ साली त्याच कायद्याखाली दोषी ठरला. मुलींच्या नावाने केलेला कायदा कोणाच्या हाती जातो हे कायमच बघत राहावं लागतं.

डॉकबाईंना वाट दाखवली होती ती इंग्लंडच्या जोसेफिन बटलर यांनी, आणि इथे ही गोष्ट आपल्या दाराशी येते. इंग्रज सरकारने सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून कायदे केले, पण तपासणी केली फक्त बायकांची. संशय आला की पोलीस धरून न्यायचे, सक्तीची तपासणी, आजार निघाला की ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडायचं. पुरुष मोकळा. बटलरबाईंनी १८६९ पासून त्याविरुद्ध रान उठवलं. त्यांच्या पहिल्या जाहीर निषेधावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचीही सही होती. १८८६ साली इंग्लंडातला कायदा गेला.

हिंदुस्थानात मात्र हाच कायदा १८६८ साली आला होता, मुंबईतही काही वर्षं राबवला गेला. १८८८ साली तो कागदावरून उठला. पण छावण्यांमधले ‘लाल बाजार’, म्हणजे सैनिकांसाठीचे कुंटणखाने, आणि तिथली तपासणी चालूच राहिली. ते सिद्ध केलं दोन अमेरिकन बायकांनी. एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉक्टर कॅथरीन बुशनेल १८९१ च्या अखेरीस इथे आल्या, छावण्या-छावण्यांतून हिंडल्या, त्या बायकांजवळ बसून त्यांच्या तोंडून ऐकलं आणि लिहून नेलं. लष्करप्रमुख राहिलेले लॉर्ड रॉबर्ट्स आधी सगळं नाकारत होते. १८९३ साली त्यांना माफी मागावी लागली.

याच काळात पुण्यात पंडिता रमाबाई होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुली, बालविधवा गोळा करून आणल्या. दुष्काळी केंद्रांभोवती मुली पळवणारे घिरट्या घालत, आणि भाकरीच्या आशेने मुली त्यांच्यामागे जात, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनाची वाढ त्या शेकडो मुलींमुळे झाली. १८९७ सालीच पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात पाठवलेल्या आपल्या आश्रमातल्या एका मुलीचं तिथे काय झालं, कोणी तिला नेलं, याबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं. मी ते प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते. जिथे माणसं बरी व्हायला जातात तिथून मुलगी नाहीशी होते. आमच्या खात्याच्या इतिहासात हे पानही आहे.

आता वॉर्डातलं सांगते. नाव, गाव, साल काही सांगणार नाही, कारण ते त्या मुलीचं आहे.

ओपीडीत गर्दी. बाकावर एक मुलगी, भडक ओढणी, मान खाली. सोबत चाळिशीची बाई, पदर नीट, हातात प्लास्टिकची पिशवी. “मौसी है मैं इसकी.” नाव विचारलं, मौसीने सांगितलं. गाव विचारलं, मौसीने सांगितलं. पाळी कधी आली, तेही मौसीनेच सांगितलं. केसपेपरवर वय एकोणीस. मनगटं बघितली, कानामागचं लवदार अंग बघितलं, पंधराच्या वर काही मला वाटेना. हातावर वरच्या बाजूला तीन गोल डाग, जुने, एकसारखे. भाजल्याचे डाग स्वयंपाकघरात होतात तेव्हा ते असे ओळीने आणि इतके गोल होत नाहीत.

तपासणीच्या खोलीत मौसी आत यायला निघाली. मी म्हटलं, “आत फक्त पेशंट.” ती हसून म्हणाली, बच्ची डरती है. मी म्हटलं, मी आहे. मग युरीनचा सॅम्पल हवा म्हणून मुलीला घेऊन मागच्या पॅसेजमधून बाथरूमकडे निघाले. हा एकच मार्ग असतो. तिथे कोणी संशय घेत नाही, आणि तिथे सोबत बाहेरचं माणूस नसतं. मला वाटलं होतं ती रडेल, काही सांगेल. तिने पॅसेज या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मोजला आणि हळूच विचारलं, “दीदी, इधर से पीछे का रास्ता है क्या?”

मागचा रस्ता नव्हता. मी तिला परत बाकावर नेलं नाही, साइडरूममध्ये बसवलं, आयाबाईला दाराशी उभं केलं. मेडिकल ऑफिसरना सांगितलं. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या बाई धडाडीच्या होत्या. त्यांनी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, केली, समाजसेविकेला बोलावलं, रुग्णालयाच्या पोलीस चौकीतून माणूस आला. तोवर मौसी पिशवी बाकावर सोडून निघून गेली होती. मुलगी बालकल्याण समितीसमोर गेली, तिथून बालगृहात. पुढचं मला कोणी कळवलं नाही. कळवण्याची तशी रीतही नाही.

दर वेळी असं घडत नाही. “सिस्टर, तुम्ही तुमचं ड्रेसिंग करा,” हे वाक्य मी वरच्यांकडून खूपदा ऐकलंय. पोलिसांची भानगड नको, कोर्टात खेटे कोण घालणार, आपण काय सीआयडी आहोत का. गर्दी एवढी असते की हे म्हणणाऱ्यांचंही अगदीच चूक वाटत नाही. पण २०१२ च्या पोक्सो कायद्याने तो प्रश्न मिटवलाय. अठराच्या आतल्या मुलीवर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा नुसती शंका आली तरी कळवणं बंधनकारक, न कळवणं हा गुन्हा. आणि उपचार आधी. पोलिसांचं पत्र आण मग बघू, असं कोणत्याही रुग्णालयाला म्हणता येत नाही. म्हणजे १९१० साली डॉकबाई परिचारिकांकडे जे मागत होत्या, ते इथे आता कायदा मागतो.

वयाचा प्रश्न मात्र अजून रेंगाळतो. कागद नसेल तर मनगट, कोपर, खांदा यांचे एक्स-रे काढतात, हाडांची टोकं जुळलीत का बघतात. त्यात दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच जयमाला खटल्यात मान्य केलंय. या दोन वर्षांच्या फटीत केवढा धंदा चालतो! बाल न्याय कायदा म्हणतो की आधी शाळेचा दाखला, जन्माचा दाखला बघा, हाडं शेवटी. पण ज्या मुलीला नेपाळच्या डोंगरातून किंवा बंगालच्या खेड्यातून आणलंय, तिच्या शाळेचा दाखला तिला आणणाऱ्याच्या खिशात असतो, आणि त्यावरचं साल त्याने लिहिलेलं असतं.

१९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत मोठ्या धाडी पडल्या. चारशेहून अधिक मुली-बायका एकदम बाहेर काढल्या, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या नेपाळच्या. वर्तमानपत्रांत फोटो आले. नंतर त्यांना ठेवायचं कुठे, खायला काय, आजारी किती, परत घ्यायला कोण तयार, हे प्रश्न महिनोन् महिने चालले. सुटका हा एका रात्रीचा शब्द आहे. शुश्रूषेला वर्षं लागतात. कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ संस्थेने १९८८ साली रात्रीचं पाळणाघर काढलं, ते मला म्हणूनच फार मोठं काम वाटतं. आई धंद्यावर असते त्या तासांत मूल कुठे झोपतं, एवढा साधा प्रश्न त्यांनी धरला. त्या एका प्रश्नाने किती मुली त्या गल्लीत दुसऱ्या पिढीला उभ्या राहिल्या नाहीत, याचा हिशोब मांडता येत नाही.

एका बाबतीत डॉकबाईंचं पुस्तक मला जुनं वाटतं. धंद्यातल्या सज्ञान बाईचा स्वतःचा आवाज त्यात नाही. सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेने आणि तिथल्या धंद्यातल्या बायकांच्या संघटनेने गेल्या तीस वर्षांत तो आपल्याला ऐकवलाय : सुटकेच्या नावाखाली आम्हाला फरफटू नका, दवाखान्यात माणसासारखं वागवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात त्याच आशयाचे आदेश दिले. मला हे पूर्ण पटतं. लॉक हॉस्पिटलमध्येही बायकांना ‘त्यांच्या भल्यासाठी’च कोंडत होते. म्हणून एकांतात नेल्यावर परिचारिकेने पहिला प्रश्न ‘तुला कोणी आणलं’ हा विचारू नये. ‘तुला काय हवंय’ हा विचारावा आणि उत्तराला थांबावं. मूल असेल तर कायदा पुढचं ठरवतो. सज्ञान बाई असेल तर ती ठरवते. ती म्हणाली, मला औषध द्या आणि जाऊ द्या, तर औषध द्यावं, आणि पुन्हा यायला संकोच वाटणार नाही असं वागावं.

डॉकबाईंनी पुढे काय केलं तेही सांगायला हवं. त्यांच्या मते या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती : कायदे करणाऱ्यांत बायका नाहीत. म्हणून त्या मताधिकाराच्या लढ्यात उतरल्या. १९१७ च्या जूनमध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, व्हाइट हाउससमोर फलक घेऊन उभ्या राहिल्याबद्दल पहिल्यांदा तुरुंगात गेलेल्या सहा बायकांत त्या होत्या. नंतर पुन्हा गेल्या. अमेरिकेत स्त्रियांना मत मिळालं ते १९२०ला. त्या ९८ वर्षं जगल्या, १९५६ साली गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या संसदेने अनैतिक व्यापारविरोधी कायदा केला.

नर्सिंग शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना माझी विनंती आहे. ‘हायजीन अँड मोरॅलिटी’वरचे हक्क कधीच संपलेत, ते कोणालाही फुकट वाचता येतं. पहिल्या वर्षाच्या मुलींना त्यातलं एक प्रकरण वाचून दाखवा, आणि मग तुमच्या भागात मुली कुठून आणल्या जातात ते बोला. ‘आत फक्त पेशंट’ हा नियम तपासणीच्या खोलीला लेखी करून घ्या, म्हणजे ड्यूटीवरच्या नवख्या मुलीला तो स्वतःच्या जिवावर लावावा लागणार नाही. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर ओपीडीच्या भिंतीवर असतोच. तो स्त्रियांच्या बाथरूमच्या दाराला आतल्या बाजूनेही लावा, हिंदी, बंगाली, नेपाळीत. बाहेरच्या भिंतीवरचं मौसी वाचते.